अंकुशाचा रुपया आणि पोपचं नाणं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन जणांनी विचारलंही, ब्लॉग बंद केलास का म्हणून. बंद नाही केला, सुचत नव्हतं एवढंच. आता सुचलंय ते घरातल्याच एका वादावरून. या ब्लॉगचे निम्मे वाचक त्या वादातले पक्षकार आहेत, त्यामुळे जरा सांभाळून लिहायला हवं. पण सांभाळून लिहायचं तर ब्लॉग कशाला!

विषय आहे वराळ्याच्या घरातल्या देव्हाऱ्यातल्या चांदीच्या रुपयांचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या आजीच्या वेळेपासून एका पितळी डब्यात हे रुपये आहेत. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर येतात, चिंच लावून घासले जातात, हळदकुंकू लागतं, आणि दुसऱ्या दिवशी परत डब्यात. एकूण चौदा. यंदा आमच्या कुलदैवताच्या देवळात (कुठलं ते इथे मुद्दाम लिहीत नाही) चांदीची नवी प्रभावळ करायचं ठरलंय, आणि कमिटीने घरटी चांदी मागितली आहे. आत्याचं म्हणणं, "देवाचे रुपये आहेत, देवाला जाऊ देत." म्हणजे चौदाही रुपये वितळवायला द्यायचे. घरातले बहुतेक जण 'हो' म्हणाले. मी एकटाच 'थांबा जरा' म्हणालो, आणि का ते मला त्या वेळी धड सांगता आलं नाही. ते आता सांगायचा प्रयत्न करतो.

योगायोग असा की त्याच आठवड्यात भाच्याने रोमहून व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. तो कामानिमित्त तिकडे असतो. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटातलं एक चांदीचं नाणं, नखाएवढं, पत्र्यासारखं पातळ. खाली प्रश्न: "मामा, पोप नाणी पाडायचे??"

पाडायचे की. चांगली हजार वर्षं पाडायचे, मधे मोठे खंड पडले तरी.

मग मी ते वाचत बसलो, आणि वाचता वाचता आमच्या डब्यातल्या एका रुपयाचं कोडं उलगडलं. म्हणून आधी पोपची गोष्ट.

आठव्या शतकापर्यंत रोम कागदोपत्री कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाचं. नाण्यावर त्याचंच नाव आणि मुखवटा. पण बादशहा लांब, आणि लोंबार्ड लोक दारात. तेव्हा पोपने उत्तरेकडच्या फ्रँक राजांचा हात धरला. पहिले हेड्रियन (इ.स. ७७२ ते ७९५) या पोपने चांदीच्या नाण्यावर स्वतःचं नाव घातलं. नाण्याचं नाव देनारियस. वजन म्हणाल तर दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या रुपयाच्या सात-आठ भागांतला एक भाग. पण त्या इवल्याशा चकतीवर बादशहाच्या जागी पोपचं नाव येणं ही त्या काळची केवढी मोठी बातमी असेल! नाण्यावर नाव कोणाचं, यावरूनच तर लोकांना कळायचं की राज्य कोणाचं.

आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक करून स्वतःच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, ती काही नाण्यांची टंचाई होती म्हणून नाही. बाजारात चलन भरपूर होतं, पण त्यावर नावं दुसऱ्यांची होती.

हेड्रियननंतरचा पोप तिसरा लिओ. यानेच इ.स. ८०० च्या नाताळात शार्लमेनच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. याचं नाणं फार बोलकं आहे. एका बाजूला संत पीटरचं नाव आणि पोपच्या नावाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला शार्लमेनचं नाव. एकाच नाण्यावर देवाचा माणूस आणि तलवारीचा धनी, पाठीला पाठ लावून. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं बहुतेक पोपनी हीच तऱ्हा ठेवली, समोरच्या बाजूचे सम्राट तेवढे बदलत गेले.

हे वाचलं आणि मी उठून तो पितळी डबा काढला.

आमच्या चौदा रुपयांपैकी तेरांवर राजा-राणीची तोंडं आहेत. व्हिक्टोरियाचे दोन, सातव्या एडवर्डचे तीन, पाचव्या जॉर्जचे सात, सहाव्या जॉर्जचा एक. चौदावा वेगळा. जाड, ओबडधोबड, कडा वेड्यावाकड्या, आणि त्यावर फारशी अक्षरं, तीही अर्धी कापलेली. अक्षरांच्या मधे एक खूण आहे: अंकुश. आजी त्याला 'गणपतीचा रुपया' म्हणायची, कारण अंकुश गणपतीच्या हातात असतो. पूजेत त्याला पहिलं कुंकू. आम्ही पोरं नमस्कार करायचो तो त्या रुपयालाच करायचो.

तो रुपया मी तळेगावातल्या एका जाणत्या सराफाकडे घेऊन गेलो. त्याने भिंगातून पाहिलं आणि हसला. म्हणाला, हा अंकुशी. पुण्याचा. पेशव्यांच्या टांकसाळीतला. आणि यावर नाव आहे शाह आलम बादशहाचं.

म्हणजे आमची आजी साठ वर्षं ज्याला गणपती म्हणून कुंकू लावत होती, त्यावर दिल्लीच्या मोगल बादशहाचं नाव!

मला याचा अजिबात धक्का बसला नाही, उलट फार आनंद झाला. कारण हे अगदी लिओच्या नाण्यासारखंच झालं की. पेशवाईत सत्ता पुण्यात, पण सिक्का बादशहाचा. लोकांना सवय त्या छापाची, सावकाराला खात्री त्या छापाची, तेव्हा तो छाप चालू ठेवायचा आणि कोपऱ्यात आपली खूण मारायची. कहर म्हणजे १७८८ साली गुलाम कादरने या शाह आलमचे डोळे काढले, ज्याला स्वतःचं तख्त राखता येत नव्हतं त्याचं नाव हिंदुस्थानभर रुपयावर चालत होतं. बादशहा १८०६ ला वारला, पेशवाई १८१८ ला बुडाली, तरी पुण्याच्या टांकसाळीतून अंकुशी रुपया पुढे काही वर्षं निघतच होता. म्हणजे राज्य कंपनीचं, नाव मेलेल्या बादशहाचं, आणि खूण गणपतीच्या अंकुशाची. १८३५ साली कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला, त्यावर विल्यम राजाचं तोंड आलं, आणि ही गंमत संपली.

आपल्या पंचक्रोशीत टांकसाळी काही कमी नव्हत्या. चिंचवडलासुद्धा पेशवाईत टांकसाळ होती. चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचं गाव, देव घराण्याचं गाव. देव हे नुसते पुजारी नव्हते, गावोगावची इनामं सांभाळणारे जमीनदारही होते. प्रेस्टन नावाच्या अभ्यासकाचं या घराण्यावर १९८९ साली आलेलं एक अख्खं पुस्तक आहे, ते धर्म आणि राज्य यांच्या याच गुंत्यावर आहे. तेव्हा 'पोपने नाणी कशी पाडली' याचं आपण फार नवल करू नये. देवाच्या दारात चांदी येतेच. प्रश्न असतो तो आलेल्या चांदीचं काय होतं हा.

आणि इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो.

रोममध्ये १८८३ साली फोरमच्या जागेवर खोदकाम चालू होतं. वेस्टा देवीच्या पुजारणींचं जे प्राचीन घर होतं, तिथे एक मडकं सापडलं. आत आठशेहून जास्त चांदीची नाणी, आणि जवळजवळ सगळी इंग्लंडची. सोबत चांदीच्या आकड्यांची जोडी, तिच्यावर पोप मारिनस (दुसरा, इ.स. ९४२ ते ९४६) याचं नाव. म्हणजे ही इंग्लंडहून पोपला आलेली भेट. कोणीतरी पुरून ठेवली, आणि न्यायला परत आलाच नाही.

इंग्लंडमधून रोमला अशी चांदी शतकानुशतकं जायची. पुढे तिचं नाव पडलं 'पीटरची पेनी'. घरटी एक पेनी. मला हे वाचून हसूच आलं, कारण हे शब्द मी त्याच आठवड्यात कमिटीच्या पत्रकात वाचले होते. घरटी पट्टी! आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला पोरं येतात तसेच तिकडे राजाचे आणि बिशपचे कारकून येत असणार. १५३४ साली आठव्या हेन्रीने ही पट्टी बंद केली, ती काही गरिबांच्या कळवळ्याने नाही, तर पोपशी त्याचं भांडण झालं म्हणून.

आणखी एक प्रसंग. इ.स. १३०० मध्ये पोप आठवा बोनिफास याने जुबिली वर्ष जाहीर केलं. रोमला येऊन दर्शन घ्या, पापं माफ. आषाढीला पंढरपुरात लोटावी तशी माणसं लोटली. आस्ती गावच्या व्हेंचुरा नावाच्या बखरकाराने लिहून ठेवलंय की संत पॉलच्या वेदीपाशी दोन पुजारी रात्रंदिवस उभे राहून दाताळ्याने पैसे ओढत होते. दाताळ्याने! खळ्यात धान्य ओढावं तसं. आणि त्यातला बराच भाग गरीब यात्रेकरूंच्या चिल्लरीचा होता.

हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. दाताळ्याला काय कळणार, की यातली कुठली चिल्लर कोणाची? विधवेची कुठली, चोराची कुठली? ओढताना सगळी सारखीच.

मला वाटतं माझ्या 'थांबा जरा'चं कारण हेच आहे.

आमच्या डब्यातला सहाव्या जॉर्जचा रुपया आपटला तर बद्द वाजतो. बाकीचे खणखणीत वाजतात. लहानपणी आम्ही त्याला खोटा रुपया म्हणायचो. तो खोटा नाही. लढाईच्या काळात, १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी कमी करून निम्म्यावर आणली, उरलेलं तांबं वगैरे. वजन तेच, तोळाभर, ११.६६ ग्रॅम. त्यावर १९४४ साल आहे. आजीने तो कुठून मिळवला हे तिने मला सांगितलं होतं: म्हैस विकली तेव्हा आलेल्या पैशातला मागे ठेवलेला एक. बाकीचे कर्जात गेले. पाचव्या जॉर्जचे दोन तिला बाळंतविड्यात माहेरून आलेले. अंकुशाचा रुपया तिच्या सासूचा, आणि त्याच्या आधीचं कोणालाच माहीत नाही.

तिने हे रुपये देवासाठी साठवले नव्हते. अडीनडीसाठी साठवले होते. १९७२ च्या दुष्काळाच्या आधी डब्यात वीसच्या वर होते असं वडील सांगायचे. म्हणजे काही त्या वर्षी पोटात गेले. देव्हाऱ्यात ठेवले ते तिथे कोणी हात लावणार नाही म्हणून! त्या काळच्या बाईची बँक म्हणजे देव्हारा. आम्ही मात्र पुढे त्यांना 'देवाचे रुपये' करून टाकलं.

तेव्हा माझं मत असं, स्पष्टच लिहितो. हे रुपये वितळवू नयेत. त्यांना देव समजूनही ठेवू नयेत. ते आजीचा हिशोब आहेत, हिशोबाची वही जशी जपावी तसे जपावेत. प्रभावळीत गेले की ते चौदा तोळे चांदी होतील (आणि एक तर निम्मीच चांदी, सोनार काटेकोर असेल तर तो बाजूलाच काढेल). म्हैस, बाळंतविडा, दुष्काळ, शाह आलम, सगळं एका मुशीत. दाताळ्याने ओढल्यासारखं.

दुसरं मत देवस्थानांबद्दल. चांदी मागायला माझी हरकत नाही. पोपनाही मागावी लागली, देवळालाही लागते. दिवाबत्ती काही हवेवर चालत नाही. पण जो चांदी घेतो त्याने ती कोणाची, किती आणि कशासाठी हे लिहून ठेवावं. नाण्यावर नाव घालणं म्हणजे दुसरं काय असतं? 'ही चांदी इतकी आहे, इतकी शुद्ध आहे, आणि याची जबाबदारी माझी' असं सांगणं. तो छाप लबाड निघाला की लोक बट्टा लावायचे. जुन्या काळी गावोगावचे रुपये वेगवेगळे, पोतदार आणि सराफ प्रत्येक नाणं पारखून बट्टा कापून घ्यायचे. नाणी गेली, पण 'नावाला बट्टा' मराठीत राहिला. देवस्थानाच्या नावालाही तो लागू शकतो. पावती मागितली की 'देवाच्या कामात हिशोब कसला' असं ऐकवणारे मला कधीच पटलेले नाहीत. देवाच्या कामात तर पै न पैचा हिशोब हवा.

वराळ्याहून इंद्रायणीच्या बाजूला बघितलं की भंडाऱ्याचा डोंगर आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती ऐकताना मला नेहमी एक वाटतं, बुडवायला आधी खतं होती! कोणाचं किती देणं आहे हे लिहिलेलं होतं, म्हणून तर सोडता आलं. ज्याचा हिशोबच नाही ते सोडणार तरी कसं?

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि तिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मी म्हटलं, रुपये ठेवू या, आणि तेवढ्या चांदीचे पैसे आपण भावंडं मिळून कमिटीला चेकने देऊ.

ती म्हणाली, "म्हणजे देवाला विकतचं द्यायचं आणि घरातलं आपल्याला ठेवायचं होय रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवल्यावरही नव्हतं. पोप, शार्लमेन, शाह आलम सगळे एका बाजूला आणि आत्याचं एक वाक्य एका बाजूला. तिचं म्हणणं खरंच आहे. ज्यात आपलं काही जात नाही ते दान कसलं? चेक लिहिताना माझं काय जाणार होतं?

दोन दिवस विचार केला. माझ्या कपाटात एक चांदीची वाटी आणि चमचा आहे, माझ्या बारशातला. खाली सराफाचा शिक्का, बाकी काही नाही. याच वाटीतून मी खाल्लं, माझ्या मुलीने खाल्लं. नातवंडासाठी बायकोने जपून ठेवली होती. ती मी देतोय. बायकोला विचारलं, ती जरा गप्प बसली आणि मग 'द्या' म्हणाली. वाटीची गोष्ट माझी आहे, तेव्हा ती मला संपवता येईल. आजीच्या रुपयांची गोष्ट माझी एकट्याची नाही, ती संपवायचा हक्क मला नाही. आत्यालाही एकटीला नाही, असं मी तिला पुढच्या फोनमध्ये सांगणार आहे, जमलं तर.

आणि कमिटीकडून वाटीची पावती घेणार आहे. वजनासकट.

असो. फार लांबलं. भाच्याला मी उत्तर पाठवलं, "हो, पाडायचे. आपल्याकडेही थोडंफार तसंच होतं. दिवाळीला ये, दाखवतो." त्याच्याकडून अंगठा आला.

नातेवाइकांसाठी: दिवाळीला सगळे वराळ्याला येणार आहातच. त्या आधी रुपयांबद्दल आपापलं मत कळवा, फोनवर कळवलंत तरी चालेल. मी एक वही केली आहे. प्रत्येक रुपयाचं साल, वजन, आणि त्याच्याबद्दल घरात कोणाला काय आठवतं ते त्यात लिहितोय. तेरांचं थोडं थोडं लिहून झालंय. अंकुशाच्या रुपयापुढे 'आजीच्या सासूचा' एवढंच आहे. कोणाला जास्त माहीत असेल तर सांगा.